शिरोदीप

शिरोदीप : कपाळाभोवती पट्ट्याने बांधून अथवा टोपीवर किंवा शिरस्त्राणावर अडकवून वापरावयाचा लहान दिवा. हेडलॅम्प किंवा हेडटॉर्च, तर खाणीत कॅप लॅम्प या नावांनी तो परिचित आहे. मोटारगाडीच्या पुढील दिव्यांनाही हेडलॅम्प म्हणतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही. शिरोदीपामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि डोके ज्या दिशेला वळेल त्या दिशेलाच प्रकाश पडतो. हातात कंदील घेऊन वाट चालता येते. पण तो धरून कुदळ मारता येत नाही, शिडी चढता येत नाही की दोराला लटकता येत नाही. म्हणूनच या दिव्याचा जन्म खाणीत झाला. तेथून तो गुहांच्या शोधकांकडे, मग गिर्यारोहकांकडे आणि अखेरीस पाठीवर पिशवी घेऊन डोंगर हिंडणाऱ्या सामान्य पदयात्रिकांकडे आला. या प्रवासात एक पेच प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पुन्हा उभा राहिला. अधिक प्रखर दिवा घ्यावा, की कमी उजेडाचा पण भरवशाचा? खाणीत या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास शेकडो माणसे प्राणास मुकत. आज तो दुकानात शिरोदीप निवडताना पडतो. परंतु त्याचे मूळ स्वरूप बदललेले नाही.

खाणीतील ज्योत : इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील कथील व तांबे यांच्या खाणींत कामगार राळ लावून कडक केलेली नमद्याची टोपी घालीत आणि तिच्यावर ओल्या मातीच्या गोळ्यात मेणबत्ती बसवीत. शिरोदीपाचे हे अगदी साधे रूप म्हणता येईल. धातूंच्या खाणींत सहसा ज्वालाग्राही वायू नसल्याने उघडी ज्योत तेथे चालत असे. कोळशाच्या खाणीत परिस्थिती निराळी होती. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण सु. ५ ते १५ टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. ईशान्य इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या अशा स्फोटात ९२ माणसे व मुले मरण पावली. या दुर्घटनेनंतर सुरक्षित दिव्याच्या शोधाला वेग आला. १८१५ साली सर हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविलेला दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून पसरवून टाकते. त्यामुळे आतील ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. याच सुमारास जॉर्ज स्टीव्हन्सन व विल्यम क्लॅनी यांनीही आपापले दिवे केले. डेव्ही यांनी आपल्या दिव्याचे एकस्व घेतले नाही, ही गोष्ट त्यांच्या लौकिकात भर घालणारी ठरली.

डेव्ही दिव्याची कीर्ती मोठी असली, तरी त्याच्यातून बाहेर पडणारा उजेड अत्यंत मंद होता, हे विसरता कामा नये. शिवाय तो सरळ उभा धरावा लागे. तिरपा झाला तर ज्योत जाळीला लागून जाळी तापे. त्यामुळे तो डोक्यावर कधीच जाऊ शकला नाही. हातात राहिला किंवा खांबाला टांगला गेला. नीट दिसावे म्हणून काही कामगार जाळी काढून ठेवीत आणि तोच क्षण घातक ठरे. दुसरीकडे, हा दिवा आहे म्हणून पूर्वी धोकादायक ठरवून बंद केलेल्या भागांत मालकांनी पुन्हा काम सुरू केले. ब्रिटिश संसदेच्या १८३५ च्या चौकशी समितीला असे आढळले की, दिवा येण्यापूर्वीच्या १८ वर्षांपेक्षा त्यानंतरच्या १८ वर्षांत डरॅम व नॉर्थम्बरलंड येथील खाणींत अधिक माणसे स्फोटांना बळी पडली. दोष जाळीच्या तत्त्वाचा नव्हता. सुरक्षित साधनाच्या भरवशावर अधिक जोखीम घेण्याच्या वृत्तीचा होता. मंद उजेडाचा आणखी एक परिणाम सावकाश लक्षात आला. ब्रिटिश कोळसा खाणींत वर्षानुवर्षे अपुऱ्या प्रकाशात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांची बुबुळे आपोआप हलत राहत. या नेत्रकंपाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो कामगारांना काम सोडावे लागले.

स्कॉटलंडमधील खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टोपीवर अडकविण्याचा तेलाचा दिवा प्रचारात आला. त्याचा आकार लहानशा किटलीसारखा असे. पोटात तेल किंवा चरबी, तोटीतून बाहेर आलेली वात आणि पाठीमागे टोपीच्या चामडी पट्टीत अडकविण्याचा आकडा एवढीच त्याची रचना होती. स्कॉटिश कामगारांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि पेनसिल्व्हेनियापासून पश्चिमेपर्यंतच्या खाणींत पसरला. तो धूर सोडी, तेल गळे आणि झुळकेने विझे. तरीही हात मोकळे ठेवी, एवढ्या एका गुणावर तो सु. ५० वर्षे टिकला. अमेरिकेत दिवा व तेल हे दोन्ही बहुधा कामगाराला स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे. त्यामुळे स्वस्त दिवा व स्वस्त तेल यांकडे कल असणे स्वाभाविक होते.

कार्बाइडचा दिवा : टॉमस विल्सन यांना १८९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील स्प्रे येथे विद्युत् भट्टीत वेगळाच प्रयोग करीत असताना कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर बनविण्याची रीत अनपेक्षितपणे सापडली. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो व मागे भिजलेला चुना राहतो. ॲसिटिलीनची ज्योत पांढरीशुभ्र व तेलाच्या ज्योतीपेक्षा कितीतरी प्रखर असते. (आंबे झटपट पिकविण्यासाठी बंदी असूनही वापरले जाणारे कार्बाइड ते हेच, त्याचा उग्र वास मराठी वाचकांना अपरिचित नाही.) फ्रेडरिक बॉल्डविन यांना १९०० साली ॲसिटिलीनच्या दिव्याचे अमेरिकन एकस्व मिळाले. तो सायकलीसाठी योजलेला होता. पण थोड्याच वर्षांत त्याच धर्तीचे पितळी दिवे खाणकामगारांच्या टोप्यांवर दिसू लागले. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे, थेंबांची गती कमीजास्त करणारी लहान तरफ, ज्योतीमागे चकचकीत परावर्तक व त्याच्या कडेला ठिणगी पाडणारे चाक अशी त्याची रचना असे. एका भरणीवर तो काही तास चाले आणि खिशात कार्बाइडची डबी असली की पुन्हा भरता येई.

मात्र तीही उघडी ज्योतच होती. उघड्या ज्योतीचा धोका केवळ वायूपुरता नव्हता, हे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात चेरी येथील खाणीत १३ नोव्हेंबर १९०९ रोजी दिसून आले. तेथे विजेचे दिवे बंद पडल्यामुळे रॉकेलच्या मशाली लावल्या होत्या. खेचरांसाठी नेलेले गवत पेटले आणि त्या आगीत २५९ जणांचा अंत झाला. १९१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील जेड खाणीत उघड्या ज्योतीच्या दिव्यामुळे मिथेन पेटून सु. ८० कामगार मरण पावले. खाण विभागातील अभियंते जॉन रायन व जॉर्ज डाइक यांनी १९१४ मध्ये पिट्सबर्ग येथे खाणसुरक्षेच्या साधनांची कंपनी काढली आणि टॉमस एडिसन यांना खाणकामगारांसाठी विजेचा दिवा बनविण्यास प्रवृत्त केले.

विजेचा शिरोदीप : एडिसन यांचा निकेल व लोह यांचा क्षारीय संचायक घट त्या वेळी तयार होता. तो कमरेच्या पट्ट्याला पोलादी पेटीत बांधून त्यापासून केबल टोपीवरील दिव्याकडे नेण्यात आली. अमेरिकेच्या खाण विभागाने १९१५ मध्ये या दिव्याला मान्यता दिली. बल्बची काच फुटलीच, तर तापलेला तंतू वायूच्या संपर्कात येण्यापूर्वी प्रवाह तोडणारी स्प्रिंगची योजना अशा दिव्यांत असे. मान्यतेमागील खरे कारण हेच होते. दिवा पूर्ण पाळीभर टिकावा, ही दुसरी अट होती. कार्बाइडची ज्योत व विजेचा मंद पिवळा झोत शेजारी ठेवले असता पहिलीच डोळ्यांत भरे, आणि आरंभी अनेक कामगारांनी विजेचा दिवा नाखुशीने स्वीकारला. पुढे घटमाला व बल्ब सुधारले आणि हा भेद उरला नाही.

विजेच्या दिव्याने खाणीच्या व्यवस्थेतही फरक पडला. घट रोज भारित करावे लागत असल्याने दिवे कामगाराच्या घरी न राहता खाणीच्या दिवाघरात राहू लागले. प्रत्येक दिव्याला क्रमांक असे व तो पाळीच्या आरंभी घेऊन शेवटी परत करावयाचा असे. पाळी संपूनही मोकळी राहिलेली खुंटी म्हणजे कोणीतरी अद्याप भूगर्भात आहे, ही खूण बचाव पथकांना उपयोगी पडे. भारतातील भूमिगत कोळसा खाणींतही, त्यांत नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील खाणी आल्या, हीच पद्धत रुळली. विजेचा दिवा एक काम मात्र करू शकत नव्हता. डेव्ही दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसली की मिथेन आहे असे समजे. विजेच्या दिव्याला वायूची चाहूल लागत नाही. म्हणून विजेचा प्रसार झाल्यावरही वायुपरीक्षणासाठी ज्योतीचा सुरक्षा दिवा दीर्घकाळ ठेवण्यात आला.

गुहा व पर्वत : खाणींनी टाकून दिलेला कार्बाइडचा दिवा गुहासंशोधकांनी मात्र उराशी धरला. चुनखडीच्या गुहांत मिथेनचे भय नसते. ज्योतीचा उजेड सर्वत्र समान पसरतो, तिची थोडी ऊब मिळते आणि अनेक दिवसांच्या मोहिमेला पुरेल एवढे इंधन कमी वजनात नेता येते. या गुणांमुळे यूरोपातील गुहासंशोधक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो वापरीत. वापरलेल्या चुन्याचे ढीग गुहेतच टाकण्याची सवय व छतावर जमणारी काजळी यांमुळे त्याविरुद्ध मत तयार झाले. ते योग्यच होते.

गुहेत दिवा गेला की सर्वच जाते. तेथे चांदणे नसते आणि डोळे कितीही सरावले तरी काहीच दिसत नाही. फ्रेंच गुहासंशोधक नॉर्बेर कास्तेरे १९२२ मध्ये माँतेस्पाँ येथील गुहेत पाण्याने पूर्ण भरलेल्या बोगद्यातून एकटे बुडी मारून पलीकडे गेले, तेव्हा त्यांच्याजवळ मेणबत्त्या व रबरी टोपीत गुंडाळलेल्या काड्या होत्या. पुढील वर्षी त्यांना तेथे प्रागैतिहासिक मातीच्या मूर्ती आढळल्या. हे साहस अनुकरणीय नव्हे. तथापि प्रकाशाचे साधन कोरडे ठेवणे ही पहिली गरज आहे, हे त्यांनी ओळखले होते. प्रत्येकाजवळ प्रकाशाची तीन स्वतंत्र साधने असावीत, असा नियम पुढे गुहासंशोधकांत रूढ झाला.

पर्वतावर अडचण वेगळी असते. आल्प्समधील बर्फ रात्रीच्या थंडीत घट्ट असते व उन्हाने सैल होऊन दगड सुटू लागतात. म्हणून चढाई मध्यरात्रीनंतर सुरू करण्याची प्रथा पडली. त्यासाठी वाटाडे घडीचा मेणबत्तीचा कंदील वापरीत. एव्हरेस्टच्या १९२४ च्या मोहिमेत नॉर्टन व सॉमरव्हेल ४ जूनच्या रात्री विजेरीच्या उजेडात उतरले. त्याच मोहिमेच्या सर्वांत वरच्या छावणीचे अवशेष १९३३ च्या तुकडीला सापडले, तेव्हा तेथे एक घडीचा कंदील व एक विजेरी होती. नऊ वर्षांनंतर कळ दाबताच ती विजेरी लागली. मॅलरी व अर्व्हिन ८ जून १९२४ रोजी याच छावणीतून निघाले होते व परतले नाहीत. त्यांच्याजवळ दुसरा दिवा होता की नव्हता यावर बराच वाद झाला आहे. छावणीत राहिलेला दिवा वर गेलेल्यांच्या उपयोगी पडला नाही, एवढे निश्चित.

हातातील विजेरीला पट्टा लावून ती डोक्यावर आणण्यास गिर्यारोहकांना बराच काळ लागला. मुख्य अडसर घटमालेच्या वजनाचा होता. ती कमरेला किंवा खिशात ठेवली, तर केबल दोरात व पिशवीच्या पट्ट्यांत अडके; डोक्यावर ठेवली, तर मान अवघडे. फ्रान्समध्ये ग्रनॉबलजवळील क्रोल येथील कारागीर व गुहासंशोधक फेर्नां पेट्झल यांच्या कार्यशाळेतून १९७० नंतरच्या दशकात लवचिक पट्ट्यांचे असे दिवे तयार होऊ लागले, ज्यांत बल्ब पुढे व घट मागे, म्हणजे सर्व भार डोक्यावरच तोलून ठेवलेला असे. पेट्झल स्वतः दां द क्रोल या पर्वतातील गुहासंहतीच्या शोधात अनेक वर्षे रमलेले होते. वापरणाऱ्यानेच साधन घडविले की त्यातील खोच कशी योग्य जागी बसते, याचे हे उदाहरण होय.

डायोडचे युग : तंतूच्या बल्बमध्ये बहुतेक ऊर्जा उष्णतेत वाया जाते. निळा प्रकाश देणारा प्रखर डायोड शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये जपानमध्ये तयार केला आणि त्यावर पिवळा प्रस्फुरक लेप देऊन १९९६ मध्ये पांढरा प्रकाश देणारे डायोड, म्हणजे एलईडी, बाजारात आले. (या शोधाबद्दल नाकामुरा, इसामू आकासाकी व हिरोशी आमानो यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.) पेट्झल कंपनीने २००० साली काढलेल्या टिका या शिरोदीपात असे तीन डायोड व तीन लहान घट होते. त्याचा झोत दूरवर जात नसे. परंतु तो मुठीत मावे, बल्ब फुटण्याचे भय नव्हते आणि एका घटसंचावर अनेक रात्री चाले. पदयात्रिकांच्या पिशवीतून हातातील विजेरी हद्दपार होण्याची सुरुवात येथून झाली. लिथियम-आयन घटांचा प्रसार झाल्यावर प्रखरताही झपाट्याने वाढली आणि त्याबरोबर जुना पेच नव्या वेषात परत आला.

निवडीचे निकष : वेष्टनावर सर्वांत ठळक छापलेला आकडा ल्यूमेनचा असतो. दिव्यातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, एवढेच तो सांगतो. तो किती दूर पोहोचेल हे झोत किती एकवटलेला आहे यावर अवलंबून असते. अंतर दुप्पट झाले की प्रदीपन एक चतुर्थांश होते. म्हणून दुप्पट लांब पाहण्यासाठी चौपट प्रकाश व तितक्याच प्रमाणात घटांचा खर्च लागतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एफएल १ या मानकाने मोजणीला शिस्त लावली. त्यानुसार झोताचे अंतर म्हणजे जेथे प्रदीपन ०.२५ लक्स, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतके, उरते ते अंतर होय. ठेच लागू नये म्हणून चांदणे पुरते. अनोळखी कड्यावर वाट शोधण्यास ते पुरत नाही. म्हणून छापील अंतराच्या बरेच अलीकडेच उपयुक्त दृष्टी संपते, असे धरावे. दिवा किती तास चालतो याचा आकडा तर अधिकच फसवा आहे. प्रकाश आरंभीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सर्व काळ त्यात मोजतात. तेव्हा ३०० ल्यूमेनचा दिवा त्या काळाच्या शेवटी ३० ल्यूमेनच देत असतो. प्रवाहाचे नियमन करणाऱ्या दिव्यांत प्रकाश बराच काळ स्थिर राहतो व मग एकदम घसरतो. नियमन नसलेल्यांत तो पहिल्या तासापासूनच हळूहळू मंदावतो. पहिल्या प्रकारात काम चांगले होते, दुसऱ्यात सूचना आधी मिळते. मुक्कामावर स्वयंपाकाला वा तंबूत २० ते ५० ल्यूमेन, मळलेल्या वाटेवर १०० ते २०० ल्यूमेन पुरे होतात. त्याहून प्रखर झोत थोड्या वेळासाठी, वाट शोधण्यापुरता हाताशी असावा.

थंडीत क्षारीय घटांची शक्ती फार घटते. हिमालयात लिथियमचे एकदा वापरावयाचे घट उपयोगी पडतात. ते वजनानेही हलके असतात. भारित करता येणारा दिवा कमी खर्चाचा पडतो, पण सहा दिवस वीज नसलेल्या वाटेवर बदलता येणारे घट असलेला दिवाच सोयीचा. रात्री अंगावरच्या कपड्यांत घट ठेवण्याची गिर्यारोहकांची जुनी रीत आजही तितकीच उपयुक्त आहे. पिशवीत कळ दाबली जाऊन दिवा आपोआप सुरू राहणे हा अगदी क्षुल्लक वाटणारा, पण वारंवार घडणारा प्रकार होय. कळ बंदिस्त करण्याची सोय नसल्यास एक घट उलटा घालून ठेवतात.

लाल प्रकाशाची सोय ही चैन नव्हे. अंधाराला डोळे पूर्ण सरावण्यास सु. ३० मिनिटे लागतात. नेत्रपटलातील ज्या शलाका कोशिकांमुळे अंधुक प्रकाशात दिसते, त्यांवर मंद लाल प्रकाशाचा परिणाम फारच थोडा होतो. त्यामुळे नकाशा पाहूनही सरावलेली दृष्टी टिकते व समोरच्या सोबत्याचे डोळे दिपत नाहीत.

सह्याद्रीच्या पदयात्रिकाला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर दाट धुके असते. कपाळावरील दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने धुक्याच्या कणांवरून परतलेला प्रकाश थेट डोळ्यांत येतो व समोर पांढरी भिंत उभी राहते. जितका दिवा प्रखर तितकी भिंत दाट. शिवाय प्रकाश व दृष्टी एकाच रेषेत असल्याने दगडांच्या सावल्या दिसत नाहीत आणि खाचखळगे सपाट भासतात. अशा वेळी दिवा डोक्यावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरला, तर झोत खालून तिरपा पडतो, सावल्या उमटतात व पायाखालची वाट स्पष्ट होते. म्हणून पट्ट्यातून सहज सुटणारा अथवा मनगटाला गुंडाळता येणारा दिवा येथे अधिक सोयीचा ठरतो. पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या श्रेणींपैकी आयपीएक्स ४ ही सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापुरती असते. आयपीएक्स ७ चा दिवा १ मी. खोल पाण्यात ३० मिनिटे टिकतो. ओढे ओलांडावे लागणाऱ्या वाटांवर दुसरी श्रेणी घ्यावी आणि तुकडीत निदान एक जास्तीचा दिवा, स्वतःच्या वेगळ्या घटांसह, कोरड्या पिशवीत ठेवावा.